सुपारीएवढा गूळ

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक गवंडी राहत होता. त्याचा ओळंबा सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. केरबाच्या भिंतीत खिळा ठोकायचा म्हणजे आधी खिळ्याची समजूत घालावी लागते, असं लोक म्हणत.

पण त्याच्या कामावर एक विचित्र नियम होता. ज्या दिवशी सिमेंट कालवायचं, त्या दिवशी तिथं गूळ आणायचा नाही. खडा नाही, काकवी नाही, गुळाचा चहासुद्धा नाही. मजूर बिनगोडाचा काळा चहा पीत आणि तोंडं वाकडी करीत. नियम का, हे केरबा सांगत नसे, त्यामुळे सांगणारे पुष्कळ झाले होते. कोणी म्हणे देवीचा कौल आहे. कोणी म्हणे मुंग्या लागतात. बहुतेकांचं मत, माणूस चिकट आहे, दुसरं काय.

केरबाच्या घरात फाल्गुनात सून आली. तिचं नाव हौसा. तिचा बाप गुळव्या होता, म्हणजे गुऱ्हाळात उकळत्या काहिलीपाशी उभा राहून रस कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. गुळव्याची पोर गूळबंदीच्या घरात पडली, म्हणून आळीतल्या बायका आठ दिवस हसल्या. हौसा हसली नाही आणि बोललीही नाही. नव्या सुनेला घरात कामं बरीच असतात. त्यातलं सगळ्यात मोठं न बोलण्याचं. ते ती मन लावून करी. न बोलणाऱ्याला दिसतं मात्र फार.

डोंगराच्या माथ्यावर तीस उंबऱ्यांची एक वाडी होती. वाडीपाशी एक झरा होता. तो आषाढात जागा व्हायचा आणि चैत्रात झोपायचा. मग तीन महिने वाडीच्या बायका हंडे घेऊन डोंगर उतरत आणि भरलेले हंडे घेऊन चढत. झऱ्याच्या पोटाशी खडकात मोठं गोल टाकं बांधलं, तर साठलेलं पाणी उन्हाळाभर पुरणार होतं. केरबानं आदल्या वैशाखात ते बांधलंही. टाकं काठोकाठ भरलं. वाडीनं नारळ फोडला. यंदा चैत्रात झरा आटला आणि आठव्या दिवशी टाक्याच्या तळाशी बेडूक चालत फिरत होता.

केरबा वर जाऊन पाहून आला. भिंतीत आडव्या रेघा होत्या, भाकरीवर भाकरी रचावी तशा. प्रत्येक रेघेतून पाणी निघून गेलं होतं.

कारण त्याला माहीत होतं. वर सुपाएवढी सपाट जागा नव्हती. माल खालीच कालवायचा आणि माणसांच्या रांगेतून, घमेल्यामागून घमेलं, वर चढवायचा. वैशाखाच्या उन्हात तो वाटेतच आवळायला लागे. भिंतीचा एक थर गोल फिरून पुरा होईतो त्याची सुरुवात कडक झालेली असे. कडक थरावर ओला थर पडला, तरी दोघांची गाठ बसत नाही. आणि गाठ बसली नाही तिथून पाणी वाट काढतंच.

वाडीचा कारभारी सटवाजी केरबाच्या ओट्यावर येऊन बसला. आवाज चढवायची त्याला गरज नव्हती.

“केरबा, भिंत नव्यानं घाल. चाळीस पोती सिमेंट हाय. पाठीवरनं आणलंय. पुन्हा आणायला पाठी न्हाईत,” तो म्हणाला. “हे टाकं राहिलं तर वाडी राहील. गळलं, तर पुढच्या चैत्रात आम्ही घरंदारं उचलून खाली येतो. वरची शेतं देवाला.”

“माणसं दुप्पट लावू,” केरबा म्हणाला. “पहाटे सुरू करू. घमेल्यांवर ओली पोती टाकू.”

त्यानं तसं करून पाहिलं. घरच्या उरल्यासुरल्या सिमेंटचा एक घाणा कालवला, पन्नास माणसं उभी केली, ओली पोती झाकली. माल वर पोचला आणि थापीला चिकटेना. केरबाचा मुलगा बाळकू, म्हणजे हौसाचा नवरा, म्हणाला, “पाणी जरा जास्त घातलं तर?”

“तर भिंत पोकळ,” केरबा म्हणाला. “दिसायला भिंत, वागायला चाळण.”

त्या संध्याकाळी घरातली माणसं जेवायला बसली. हौसा वाढत होती. भाकरी केरबाच्या ताटात ठेवता ठेवता ती म्हणाली, “मामंजी, कामावर गूळ का नको?”

सासूच्या हातातली पळी थांबली. फाल्गुनापासून सुनेच्या तोंडून आलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तोही असा.

केरबानं घास खाली ठेवला. रागावेल असं वाटलं, पण तो थकला होता. थकलेला माणूस खरं बोलतो.

“माझा आजा चुन्यात बांधायचा,” तो म्हणाला. “चुना मळायचा तो गुळाच्या पाण्यात. त्यानं चुना चिवट होतो. पुढं सिमेंट आलं. माझं पहिलं काम देवळापुढचा ओटा. मी आज्याची रीत पाळली. हंडाभर गुळाचं पाणी घातलं.”

“मग?”

“मग काय. चार दिवस ओटा चिखल. पाचव्या दिवशी त्यावरनं शेळी गेली, तिचे खूर उमटले. गावानं नाव ठेवलं, केरबाचा शिरा. लहान पोरं वाटी घेऊन यायची.” तो घोटभर पाणी प्याला. “गूळ घातल्याचं कुणाला सांगितलं न्हाई. तवापासून कामावर गूळ बंद.”

सासू हसू दाबायला पदर शोधत होती. शिरा तिनं ऐकला होता, त्यातला गूळ तिलाही ठाऊक नव्हता. हौसा मात्र विचार करत होती. तिच्या बापाच्या काहिलीत चिमूटभर चुना पडला की गूळ छान बसायचा, आणि मूठभर पडला की ढेप काळी व्हायची. चुना तोच. मूठ आणि चिमूट यांत अख्खं गुऱ्हाळ बुडायचं किंवा तरायचं.

“हंडाभर गुळानं चार दिवस आळलं न्हाई,” ती म्हणाली. “मग कणभर गुळानं किती वेळ आळणार न्हाई?”

केरबानं जेवायला पुन्हा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या कट्ट्यावर पाच करवंट्या दिसल्या. पाचांत सारखं सिमेंट, सारखी वाळू, सारखं पाणी. एकीत दुसरं काहीच नाही. एकीत मीठ. एकीत धुण्याचा सोडा. एकीत तुरीच्या दाण्याइतका गूळ. एकीत बोराएवढा. हौसाच्या हातात पोती शिवायचा दाभण होता. भाकऱ्या थापता थापता ती उठायची, दाभणाचं टोक प्रत्येक करवंटीत टेकवायची आणि किती आत जातं ते बघायची.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. “काय गं, नैवेद्य मांडलाय व्हय?”

“व्हय,” हौसा म्हणाली. “देव अजून ठरला न्हाई.”

सोड्याच्या करवंटीत काडी ढवळता ढवळताच अडकली. मिठाची त्यानंतर आळली, आणि तिच्या मागोमाग नुसत्या सिमेंटची. दुपारच्या जेवणाआधी दोन्ही घट्ट. तुरीइतक्या गुळाची करवंटी मात्र संध्याकाळी अजून मऊ होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दाभण तिच्यावरून घसरला. बोराएवढ्या गुळाची आठ दिवसांनीही चिखल होती. तिच्यात शेळीचीही गरज नव्हती, चिमणीचे पाय उमटले होते.

आठव्या दिवशी हौसानं हातोडी घेतली. सोड्याचा गोळा एका घावात भुगा झाला. नुसत्या सिमेंटचा दोन घावांत फुटला. तुरीइतक्या गुळाच्या गोळ्याला चार घाव लागले.

केरबा मागं उभा राहून बघत होता, हे तिला चौथ्या घावानंतर कळलं. ती पदर सावरून बाजूला झाली.

“हे कसं?” त्यानं विचारलं.

“सिमेंट पाण्यात पडलं की त्याचे कण एकमेकांना मिठ्या मारायला धावतात, मामंजी. उन्हात जास्तच धावतात. जो सापडला त्याला धरलं, की झालं. गूळ मधी उभा राहतो आन् म्हणतो, दमानं घ्या, सगळे येऊ देत. मग पंगत नीट बसते.” तिनं बोराएवढ्या गुळाच्या करवंटीकडं बोट दाखवलं. “गूळ जास्त झाला, की तो कुणालाच बसू देत न्हाई.”

केरबानं तो गोळा हातात घेतला. मनातलं त्याच्या तोंडावर दिसत होतं. ज्या गावानं त्याला शिरा म्हणून चिडवलं, त्याच गावासमोर त्यानं पुन्हा सिमेंटमध्ये गूळ घालायचा होता. तेही शेवटच्या चाळीस पोत्यांत.

“लोक हसतील,” तो म्हणाला.

“ते एकदा हसलेत,” हौसा म्हणाली. “त्यांना सवय हाय.”

केरबानं तिच्याकडं पाहिलं. मग गोळा खाली ठेवून म्हणाला, “माप काढ.”

हौसानं माप काढलं. एका पोत्यातल्या सिमेंटच्या अशा अडीचशे करवंट्या होतात, हे तिनं भरून पाहिलं. सुपात तुरीचे अडीचशे दाणे मोजले. ते तराजूत टाकून त्यांच्या तोलाचा गूळ काढला. तो भरला सुपारीएवढा. चाळीस पोत्यांना चाळीस सुपाऱ्या. तिनं तेवढे खडे तोलून, डब्यात घालून, डबा कमरेला बांधला. पोत्यामागं एक खडा पाण्यात विरघळवायचा आणि ते पाणी आपल्या हातानंच घाण्यात ओतायचं, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या हाती डबा द्यायला ती तयार नव्हती. गोडाच्या बाबतीत माणसाचा हात सैल असतो, हे गुळव्याच्या घरात वाढलेल्या पोरीला वेगळं शिकवावं लागत नाही.

कामाच्या दिवशी उजाडायच्या आत दोन्ही गावांची माणसं रांगेत उभी राहिली. केरबाच्या कामावर गूळ आलाय, ही बातमी घमेल्यांच्या आधी डोंगरावर पोचली होती. “वाट्या आणल्यात का रं?” रांगेतून कोणीतरी विचारलं आणि पिकल्या मिशांतून हसू फिरलं. केरबा खाली मान घालून वर चढत राहिला.

इतक्यात सटवाजी आला. त्याच्या मागून एक माणूस डोक्यावर गुळाची अख्खी ढेप घेऊन आला.

“वाडीकडनं,” सटवाजी म्हणाला. “चांगल्या कामाला सुपारीएवढा गूळ काय घालता? घाला मोकळ्या हातानं. आमी काय भिकारी न्हाई.”

सगळे थांबले. ढेप पिवळीधमक होती. वाडीच्या माणसानं स्वतःहून दिलेली वस्तू नाकारणं म्हणजे वाडीला नाकारणं. बाळकूनं हात पुढं केलाही होता.

हौसा घाण्याच्या आणि ढेपेच्या मध्ये उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. “दादा, ही ढेप टाकं बांधून झाल्यावर वाटू,” ती म्हणाली. “आज ही मालात पडली, तर वाडी डोंगरावरनं आम्हीच उतरवली म्हणून समजा.”

“कालची पोर मला शिकवती?” सटवाजीचा चेहरा उतरला. “केरबा, तुझ्या घरात बोलतं कोण?”

केरबा वाटेवरून मागं वळला. “माझ्या घरात माप बोलतं,” तो म्हणाला. “ते ह्या पोरीच्या हातात हाय. ढेप झाडाखाली ठेवा.”

ढेप झाडाखाली गेली. सटवाजी तिच्याशेजारी जाऊन बसला आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिला.

काम सुरू झालं. घमेली चढू लागली. ऊन तापलं, दगड तापले, माणसांची डोकी तापली; माल मात्र वर पोचला तो खाली निघाला होता तसाच, लोण्यासारखा. पहिला थर गोल फिरून पुरा झाला, तरी त्याची सुरुवात ओली होती. दुसरा थर पडला आणि पहिल्यात मिसळला. फळ्यांच्या साच्यात पडलेला माल केरबा गजानं कोचत होता. गज वरच्या थरातून खालच्यात सुळकन उतरे. कुठं रेघ नाही, कुठं शिवण नाही. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा भिंत काठाला पोचली होती आणि ती चाळीस घाण्यांची नव्हती, एकाच घाण्याची वाटत होती.

सकाळी सगळी वाडी टाक्याभोवती जमली. सटवाजीनं फळ्यांच्या वरून भिंतीच्या काठाला बोट लावलं. बोट आत गेलं.

मग मागून एक आवाज आला, हळूच, “शिरा.”

तीस वर्षं केरबा ह्याच एका शब्दापासून लांब चालत आला होता, आणि शब्द डोंगर चढून त्याच्या आधी येऊन उभा होता.

“सोडा टाका वरनं,” एक जण म्हणाला. “सोड्यानं लगेच धरतं म्हणं.” दुसरा म्हणाला, “कोरडं सिमेंट भुरभुरवा, पाणी ओढून घेईल.” तिसऱ्यानं तर फळ्या काढायला पहार उचलली, माल ओला आहे तोवर खरवडून निदान वाळू तरी वाचवू, असं त्याचं म्हणणं. हात प्रत्येकाकडं होता आणि प्रत्येकाला तो चालवायचा होता. काही न करता उभं राहायचं काम कोणालाच जमत नव्हतं.

केरबानं हौसाकडं पाहिलं. ती काठाशी बसून दाभण टेकवत होती.

“करवंटीत दुसऱ्या दिवशी दुपार झाली होती, मामंजी,” ती म्हणाली. “अजून सकाळ हाय.”

तिचा आवाज घट्ट होता. दाभणाचं टोक तिनं पदरानं पुसलं.

केरबा पहार घेतलेल्या माणसापाशी गेला, पहार त्याच्या हातातून काढून घेतली आणि टाक्याच्या काठाशी ती आडवी टाकून तिच्यावर बसला.

“माझ्या भिंतीला दुपारपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई,” तो म्हणाला. “हसायचं असंल त्यानं हसावं. हसल्यानं सिमेंट नासत न्हाई. हात लावल्यानं नासतं.”

माणसं कुरकुरत पांगली, पण घरी कोणी गेलं नाही. जो तो सावली धरून बसला. आयुष्यभर भिंती उभ्या करणाऱ्या केरबाला इतकं जड काम कधीच पडलं नव्हतं. पहारीवर बसून तो उन्हाकडं बघत होता. हौसा मधूनमधून दाभण टेकवत होती. आधी तो अर्धा आत जाई. मग पेरभर. मग नखभर.

सूर्य डोक्यावरून कलला. हौसानं पुन्हा दाभण टेकवला आणि दाबला. टोक वरच्या वर घसरलं. तिनं जागा बदलली, दोन्ही हातांनी जोर दिला. दाभण वाकला.

वाकलेला दाभण तिनं सासऱ्याच्या हातात दिला.

केरबा उठला. त्यानं भिंतीवर मूठ आपटली. मग तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवूनच उभा राहिला. सटवाजी सावलीतून आला. त्यानं आधी बोट लावलं, मग नख, मग खिशातला चाकू काढला. चाकू भिंतीवर चरचरला आणि पात्याची धार गेली.

“हिला तर ओरखडासुदीक न्हाई,” तो म्हणाला.

“अजून कच्ची हाय,” केरबा म्हणाला. “पंधरा दिवस पाणी पाजायचंय. मग बघ.”

पंधरा दिवस वाडीच्या बायकांनी खालून हंडे आणून भिंतीवरची पोती ओली ठेवली. एकीनंही कंटाळा केला नाही. फळ्या निघाल्या तेव्हा केरबानं भिंतीवर हातोडी मारली आणि ती देवळातल्या घंटेसारखी वाजली. आषाढात झरा जागा झाला. टाकं भरलं. ह्या वेळी वाडीनं नारळ फोडला नाही. आम्ही चैत्र बघू आणि मग फोडू, असं सटवाजी म्हणाला.

चैत्र आला. झरा झोपला. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. टाक्यातलं पाणी वापरलं तेवढंच उतरत होतं. वैशाखाच्या ऐन उन्हात वाडीच्या बायका दारात बसून गहू पाखडत होत्या आणि उतरणीच्या वाटेवर पावसाळ्यातलं वाळकं गवत न तुडवलेलं उभं होतं.

मग नारळ फुटला. पाच गावांची माणसं टाकं बघायला आली. त्यांतल्या एका गावच्या गवंड्यानं भिंतीवरून हात फिरवला आणि केरबाला विचारलं, “कारागीर, शिवण कुठं लपवलीत?”

“शिवणच न्हाई,” केरबा म्हणाला. “आन् कारागीर मी न्हाई. मी नुसता बसून होतो. कारागीर ती बघा, तिकडं, माणसांना पाणी वाढतीया.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. हौसानं पदर ओढला, पण मान खाली घातली नाही. तिनं समोरच्या म्हाताऱ्याच्या तांब्यात काठोकाठ पाणी ओतलं आणि पुढच्याकडं वळली.

तात्पर्य: ज्या वस्तूनं एकदा घात केला ती फेकून देण्याआधी आपलं माप तपासावं, मुठीनं जे नासतं ते चिमटीनं तरतं. आणि माप बरोबर आहे याची खात्री पटली, की मग हात आवरून वाट बघण्याइतकी छाती ठेवावी, कारण उशिरा जुळलेली गाठच पाणी धरते.